होॲट्झिन हा पक्षी गायीसारखा रवंथ करतो आणि त्याच्या पिल्लांच्या पंखांना नखं असतात, हे खरं आहे का?

नखं खरी. रवंथ मात्र नाही; गिळलेला पाला तोंडात परत आणून चघळायला दात हवेत, ते कुठल्याच पक्ष्याला नाहीत. पण गायीच्या पहिल्या पोटात जे चालतं, ते याच्या गळ्याखालच्या अन्नपुटात चालतं. आतल्या कडक वळ्यांवर पाला घासला जातो आणि जीवाणू तो आंबवतात. म्हणून अंगाला ताज्या शेणासारखा वास येतो.

ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतल्या पाणथळींत राहणारा हा पक्षी शेपटीसकट साधारण ६५ सेंटीमीटर लांब. तोंड निळं, डोळे लाल, डोक्यावर विस्कटलेला तुरा. गयानाचा राष्ट्रीय पक्षी हाच. आहारात चार पंचमांश पानंच.

बाकीचं बरंचसं विचित्रपण या पोटापायी आलंय. अन्नपुट एवढं मोठं की उडण्याचे स्नायू जिथे चिकटतात त्या छातीच्या हाडाला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे उडणं म्हणजे एका फांदीवरून दुसरीवर धडपडत जाणं. खाऊन झालं की छाती फांदीवर टेकून तासन्‌तास बसतो. तिथल्या कातडीला चक्क घट्टा पडलेला असतो.

घरटं पाण्यावर झुकलेल्या फांदीवर. ससाणा किंवा माकड आलं की पिल्लू खाली पाण्यात उडी टाकतं, पोहत काठ गाठतं आणि प्रत्येक पंखावरच्या दोन नखांनी, पाय आणि चोचीची मदत घेत पुन्हा वर चढतं. सुमारे तीन महिन्यांत नखं जातात. यावरून त्याला ‘जिवंत आर्किऑप्टेरिक्स’ (डायनोसॉरच्या काळातला, पंखांना नखं असलेला आदिम पक्षी) म्हणतात, ते चूक. आपल्या तळ्यातल्या पाणकोंबडीच्या पिल्लालाही पंखावर नख असतं, तिला कोणी डायनोसॉर म्हणत नाही!

बघायचा असेल तर पेरूतलं तांबोपाता किंवा मानू हे राखीव जंगल गाठा. नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेल्या वळणदार तळ्यांत, पहाटे, वल्ह्याच्या होडीतून. आधी झाडीतून फुत्कार आणि घोगरा आवाज ऐकू येतो, मग पक्षी दिसतो. मोठे पक्षी स्वस्थ बसून राहतात, म्हणून लोक होडी आणखी पुढे नेतात. घोळ इथेच होतो. इक्वादोरच्या कुयाबेनो या राखीव जंगलात पर्यटकांच्या वाटेवरची पिल्लं जास्त मेल्याचं अभ्यासात दिसलं, मोठे पक्षी मात्र सरावलेले वाटत होते. घरट्यात हालचाल दिसली की होडी मागे घ्या, फोटो लांबच्या लेन्सने काढा.