वाचकांचे प्रश्न : भरतीची वाट पाहताना

प्रश्न : माझे वय 22 असून मी बारावी उत्तीर्ण, इतर मागासवर्गीय प्रवर्गातील आहे. दोन वर्षांपासून तालुक्याच्या अकादमीत पोलीस भरतीची तयारी करतो. मागील भरतीत मैदानीत 50 पैकी 43 गुण मिळाले, पण लेखीत मागे पडलो. घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. पुन्हा प्रयत्न करावा की आयटीआयला जावे?
— एक वाचक, भूम (जि. धाराशिव)

उत्तर : दोन्ही करावे, मात्र क्रम बदलावा. आपल्या प्रवर्गासाठी शिपाई भरतीची वयोमर्यादा 33 वर्षे आहे आणि माझ्या मते हीच सवलत अनेकांचा घात करते. अजून वेळ आहे म्हणता म्हणता तिशी येते आणि हाती बारावीच्या गुणपत्रिकेपलीकडे काहीच नसते. आपले मैदान चांगले आहे. गुणवत्ता यादी मात्र मैदानीचे 50 आणि लेखीचे 100 मिळून लागते. अकादमीत पहाटे धावण्यावर जितका घाम गळतो, तितका अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान यांवर गळत नाही, हे आपल्या गुणांवरूनच दिसते. लेखीची तयारी आयटीआय करतानाही होऊ शकते.

आयटीआयच्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्री हे दोन वर्षांचे ट्रेड निवडल्यास पुढे शिकाऊ उमेदवारीत दरमहा विद्यावेतन मिळते आणि महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी हीच पात्रता लागते. रेल्वेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या, वेतनस्तरावरील पदांमध्ये रेल्वेच्याच आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा असतात, ही गोष्ट गावाकडे फारशी कुणी सांगत नाही. शिवाय केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा 2024 पासून मराठीतूनही देता येते. तिला दहावीची पात्रता पुरते, पण तेथील वयोमर्यादा 23 आहे आणि आपल्या प्रवर्गाला तीन वर्षांचीच सवलत आहे. म्हणून तो अर्ज आधी करावा.

एक किरकोळ वाटणारी बाब. नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख आजच पाहावी; ती बहुधा 31 मार्चला संपते, आणि जाहिरात आल्यावर सेतू केंद्रापुढे रांग लावणाऱ्यांचे अर्ज ऐनवेळी खुल्या प्रवर्गात जातात. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधार कार्डावरील नावात वडिलांच्या नावाचे एक अक्षरही वेगळे असेल, तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्यावे.

प्रश्न : मुलीची पदविका झाल्यावर आम्ही रोजगार केंद्रात तिचे नाव नोंदवले. चार वर्षे झाली, अद्याप बोलावणे नाही. ओळखीचा एक जण पैसे दिल्यास तिचा नंबर पुढे घेतो म्हणतो. काय करावे?
— एक पालक, जि. हिंगोली

उत्तर : पैसे देऊ नयेत, कारण पुढे सरकवण्यासारखा नंबर मुळात अस्तित्वातच नाही. सेवायोजन कार्यालयाकडून ज्येष्ठतेनुसार नावे मागवून नेमणुका होत, तो काळ मागे पडला. आज बहुतेक सरकारी पदे थेट जाहिरातीने भरली जातात आणि प्रत्येक पदासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्या कार्यालयाचे आजचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे असून नोंदणी महास्वयंम या संकेतस्थळावर विनामूल्य होते. मुलीने आपले खाते उघडून पदविकेचे गुण, चालू भ्रमणध्वनी क्रमांक आणि पत्ता अद्ययावत करावा, कारण खासगी आस्थापनांच्या जागा आणि रोजगार मेळाव्यांच्या सूचना तेथेच दिसतात. पदविकाधारकांनाही शिकाऊ उमेदवारी मिळते. त्यासाठी केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. आणि पैसे मागणाऱ्या गृहस्थांनी मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली असेल, तर ती आधी परत आणावी. न दिल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी.