आधी वजन, मग जागा, शेवटी कॅमेरा : ड्रोनविषयी वाचकांचे प्रश्न

ड्रोनबद्दल आलेल्या पत्रांत निपाणीपासून खानापूरपर्यंतचे वाचक आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. आमचा आग्रह वेगळा आहे. ड्रोनचे वजन किती आणि तो उडवायचा कुठे, हे दोन प्रश्न आधी सोडवा. ते सुटले की निम्मे पैसे आणि निम्मा मनस्ताप वाचतो.

प्रश्न : ऑनलाइन पाच हजारांत ‘फोर-के कॅमेरा’ असलेले ड्रोन दिसतात. माझे बजेट पंधरा-वीस हजार आहे. त्यातला एखादा घेऊन उरलेले पैसे वाचवावेत का? (निपाणी)

फोटो-व्हिडिओसाठी घेणार असाल तर नको. त्या किमतीच्या ड्रोनमध्ये ‘फोर-के’ हा बहुधा खोक्यावरचाच आकडा असतो. आतला सेन्सर लहान असतो आणि त्याचे चित्र ताणून मोठे केलेले असते. खरी अडचण मात्र कॅमेऱ्याच्या आधी सुरू होते. या ड्रोनना जीपीएस नसतो, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की ते तिच्याबरोबर वाहत जातात. मोटारी ब्रशच्या असतात, म्हणजे आतल्या ब्रशने घासत वीज मिळणाऱ्या. त्यांचे ब्रश काही तासांच्या उड्डाणातच झिजतात, मग एक मोटर कमी जोर देते आणि ड्रोन सतत एका कुशीला ओढतो. बटणे काय करतात हे हॉलमध्ये शिकायला असा ड्रोन चांगला. शिवारात नेण्याचा तो नव्हे.

पुढे कधीही घ्याल तेव्हा चार गोष्टी बघा : बॅटरीसकट वजन २५० ग्रॅमच्या आत, जीपीएस, ब्रशलेस मोटारी आणि तीन अक्षांची गिंबल. गिंबल म्हणजे कॅमेऱ्याला तोलून धरणारी छोटी मोटारींची चौकट. ती नसलेल्या ड्रोनमध्ये ‘ईआयएस’ असते, म्हणजे सॉफ्टवेअर चित्राच्या कडा कापून थरथर लपवते. दुपारच्या उन्हात ते खपून जाते. संध्याकाळी प्रकाश उतरला की प्रत्येक फ्रेम आधीच पुसट आलेली असते, आणि पुसट फ्रेम कितीही सरळ केली तरी पुसटच राहते.

तुमच्या बजेटमध्ये तीन अक्षांची गिंबल असलेला, पक्क्या बिलाचा ड्रोन सहसा बसत नाही. सहा महिने थांबून पैसे जमवा असेच आम्ही सांगू. त्यातही दोन जादा बॅटऱ्या, पंख्यांचे दोन संच आणि ‘यू-थ्री’ किंवा ‘व्ही-थर्टी’ लिहिलेले मेमरी कार्ड यांचे पैसे बाजूला ठेवून मगच ड्रोनचे बजेट ठरवा. एकच बॅटरी असली की सराव वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि मग दोन तास चार्जिंगची वाट बघावी लागते. असे शिकणे होत नाही.

आणखी एक. परदेशात बनलेले तयार ड्रोन आयात करायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढीच सूट आहे. म्हणून डीजेआय या चिनी कंपनीचा नवा ड्रोन कुणी ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणून पुढे केला तर तो कुठल्या वाटेने आला हे समजून घ्या. त्याला वॉरंटी मिळत नाही, नोंदणीत अडकतो आणि गिंबलची केबल तुटली तर हक्काने जायला दुकान नसते.

प्रश्न : सीमेपासून पंचवीस किलोमीटरपर्यंत ड्रोन उडवता येत नाही असे वाचले. आम्ही तर सीमाभागातच राहतो. मग घेऊन उपयोग काय? (येळ्ळूर)

निश्चिंत राहा. ती अट देशाच्या सीमेबद्दलची होती. कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीशी तिचा संबंध नाही. ड्रोन नियम २०२१ हे केंद्राचे नियम आहेत, चंदगडला जे लागू तेच खानापूरलाही. हद्द ओलांडली की फक्त पोलीस ठाणे बदलते.

मात्र तुमच्या भागात बघायची गोष्ट दुसरीच आहे. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर हवाई क्षेत्राचा नकाशा आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग असतात. हिरव्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते. त्याच्या आत, पिवळ्या भागात आलात की हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. बेळगावच्या पूर्वेला सांबऱ्याला विमानतळ आहे आणि हवाई दलाचे केंद्रही आहे. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि लष्कराच्या इतर जागा आहेत. त्यामुळे सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री या बाजूची शेते आणि कॅम्पचा परिसर मोकळा दिसतो म्हणून ड्रोन काढू नका. राजहंसगडावर जायचे असेल तर घरूनच नकाशात गडावर बोट ठेवून रंग बघा, त्याच दिवशी बघा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. तिथे वनखात्याची परवानगी वेगळी लागते, नकाशात हिरवे दिसले तरी.

प्रश्न : २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला लायसन्स, नोंदणी काही लागत नाही ना? (हुक्केरी)

यात अर्धे खरे आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो. त्याला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही. २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोनही स्वतःच्या हौसेसाठी असेल तर प्रमाणपत्र लागत नाही, धंद्यासाठी लागते. नोंदणी मात्र करून घ्या. फी १०० रुपये आहे आणि मिळालेला क्रमांक ड्रोनवर लावायचा असतो. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर पंख्यांचे गार्ड किंवा मोठी बॅटरी चढवलीत की तो २५० च्या वर जातो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा ठेवून बघा.

प्रश्न : नवा ड्रोन घराच्या गच्चीवरून उडवला. दोन मीटर वर गेला, गोल घिरट्या घ्यायला लागला, घिरट्या मोठ्या होत गेल्या आणि शेवटी पाण्याच्या टाकीवर आदळला. पीस खराब निघाला का? (चिकोडी)

पीस बहुधा चांगला आहे, गच्चीने घात केला. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. ड्रोनचा होकायंत्र सेन्सर, म्हणजे कॉम्पस, तिच्यावर ठेवला की त्याला उत्तर दिशा भलतीकडे दिसते. आता ड्रोन जागेवरून थोडा पूर्वेला सरकला असे समजा. जीपीएस त्याला सांगतो की पश्चिमेला ये. पण कॉम्पस चुकलेला, त्यामुळे तो पश्चिम समजून तिसरीकडेच ढकलला जातो. चूक दुरुस्त करायला जातो आणि चूक वाढते. तुम्ही पाहिलेल्या वाढत्या घिरट्या त्या याच.

उपाय सोपा आहे. मातीच्या मोकळ्या जागेवरून उडवा, खळ्यावर किंवा गवताच्या माळावर. मोटारीचे बॉनेट, ट्रॅक्टरची ट्रॉली, गटाराचे लोखंडी झाकण, बोअरवेलचा पाइप यांपासून चार-पाच मीटर लांब राहा. कॉम्पस कॅलिब्रेट करायचा, म्हणजे नव्याने जुळवायचा, तोही त्याच जागी, स्लॅबवर नव्हे. आणि खिशातला मोबाइल, हातातले कडे याकडेही लक्ष असू द्या.

आता तुमचा ड्रोन पुन्हा उडवण्याआधी पंखे बघा. प्रत्येक पात्यावरून नख मुळापासून टोकापर्यंत फिरवा. डोळ्याला न दिसणारी चीर नखाला लागते. चीर गेलेले पाते हवेत सुटते. म्हणून फक्त तेवढे पाते न बदलता त्या मोटरची जोडी बदला. पंखे दोन प्रकारचे असतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारे आणि दुसरे उलट. पाते आणि बाहू यांच्यावरची खूण जुळवून बसवा. चुकीचे बसले तर ड्रोन जमीन सोडताच पालथा पडतो. नंतर मोटर बोटाने हळू फिरवा. खरखर लागली तर आत वाळू गेली आहे. दांड्याभोवती केस किंवा धागा गुंडाळला गेला असेल तर चिमट्याने काढा.

प्रश्न : पहिल्या महिन्यात काय काय शिकावे? (खानापूर)

पहिल्या तीन बॅटऱ्या फक्त जागेवर उभे राहण्यात घालवा. ड्रोन तुमच्यापासून पाच मीटर लांब, डोक्याच्या जरा वर, शेपूट तुमच्याकडे. नंतर चौकोन करा. मग ड्रोनचे तोंड तुमच्याकडे फिरवा आणि तोच चौकोन पुन्हा करा. इथे डावे-उजवे उलटे होते आणि बहुतेक नवे लोक इथेच ड्रोन पाडतात, कारण घाबरल्यावर हात सवयीने जुन्या दिशेला जातो. हे चुकायचे थांबेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका.

उड्डाणाआधी उपग्रह पुरेसे मिळून ‘होम पॉइंट’ नोंदला गेल्याचा संदेश येईपर्यंत थांबा. तो आला नसताना उडालात आणि सिग्नल तुटला तर ड्रोनला परत कुठे यायचे ते ठाऊक नसते. परतीची (‘रिटर्न टू होम’, म्हणजे आरटीएच) उंची आसपासच्या सर्वांत उंच वस्तूहून दहा मीटर जास्त ठेवा. माडाचे झाड वीस-पंचवीस मीटर, मोबाइल टॉवर चाळीसच्या पुढेही असतो. उच्च दाबाच्या वीजतारा स्क्रीनवर दिसतच नाहीत. म्हणून तारा न शोधता खांब शोधा, आणि दोन खांबांच्या मध्ये तारा आहेतच असे धरून चाला.

वाऱ्याचे गणित मात्र पाठ करा. २४९ ग्रॅमचा ड्रोन सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेगाने उडतो असे धरू. वारा ६ मीटरचा आहे. वाऱ्याबरोबर गेलात तर वेग होतो १६, एका मिनिटात ९६० मीटर. परत येताना वेग उरतो ४. तेच अंतर कापायला चार मिनिटे लागतात. जाताना जेवढी बॅटरी खर्च झाली तेवढीच परतीलाही लागेल, हा हिशेब इथे फसतो. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडाला जा, येताना वारा पाठीशी असू द्या, आणि तीस टक्क्यांवर परत फिरा. जमिनीवर पान हलत नसले तरी साठ मीटरवर वारा असतो. खानापूर, कणकुंबी, जांबोटी भागात जून ते सप्टेंबर ड्रोन कपाटात ठेवलेला बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी शिकायला उत्तम, धुके विरल्यावर. घार झेपावली तर खाली पळू नका, सरळ वर चढा. घार वरून खाली सूर मारते, उभे चढणे तिला जड जाते.

प्रश्न : गोकाकचा धबधबा वरून चित्रित करायचा आहे. (घटप्रभा)

आधी स्थानिक परवानगीची चौकशी करा, पावसाळी गर्दीत तर नकोच. धबधबा सुमारे ५२ मीटरचा आहे. काठावरून उडून दरीत उतरलात की उंची उणे दिसू लागते आणि कड्याची धार तुमच्या व ड्रोनच्या मध्ये आली की सिग्नल तुटतो. दरीत उपग्रहही कमी दिसतात. झुलत्या पुलाच्या तारांचे भान ठेवा. पाण्यावरून जाताना चार मीटरच्या खाली येऊ नका. पोटाकडचा सेन्सर जमिनीची नक्षी बघून जागा धरतो, आणि वाहते पाणी पाहून त्याला वाटते आपणच सरकतोय. तुषारांत शिरू नका.

प्रश्न : सहा महिन्यांत बॅटरी फुगली. (अथणी)

पूर्ण चार्ज करून आठवडेच्या आठवडे ठेवली असेल, किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिली असेल. लिथियम पॉलिमर सेल ४.२ व्होल्टला भरतो, पण ठेवायचा तो ३.८ च्या आसपास, म्हणजे निम्मा-साठ टक्के. उड्डाणानंतर हाताला गार लागेपर्यंत चार्जिंगला लावू नका. बॅटरी काचेवर ठेवून डोलते का बघा. डोलली तर ती संपली, ड्रोनमध्ये घालू नका.

प्रश्न : गणपती विसर्जनाची आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक ड्रोनने चित्रित करायची आहे. (बेळगाव)

गर्दीच्या डोक्यावरून नाही. पाते तुटले किंवा मोटर थांबली तर ड्रोन दगडासारखा खाली येतो, आणि खाली लहान मुले असतात. शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी कुठलाही भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. मंडळामार्फत आधीच लेखी विचारा. उंच इमारतीच्या गॅलरीतून साधा कॅमेरा लावलात तरी गल्लीतली मिरवणूक छान येते.

प्रश्न : ड्रोन उसाच्या फडात पडला. दोन तास शोधला, सापडला नाही. (संकेश्वर)

पडल्याबरोबर थ्रॉटल, म्हणजे मोटारींचा जोर, शून्य करा. पात्यात पाचट गुंतून मोटर अडकते आणि तिला वीज मिळत राहिली तर ती जळते. ॲप बंद करू नका. शेवटच्या उड्डाणाची नोंद उघडा, त्यात शेवटची जागा नकाशावर असते. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ऊस दहा-बारा फुटांचा असतो, आत शिरल्यावर दिशा कळत नाही. म्हणून एकाने बांधावर उभे राहून हाक देत राहावी आणि दुसऱ्याने एकच सरी धरून शेवटपर्यंत जावे, मग पुढची सरी. आडवे घुसू नका, पाल्याने डोळे कापतात. ॲपमध्ये ‘ड्रोन शोधा’ असा पर्याय असेल तर बीप वाजवा आणि दिवे लावा. अंधार पडल्यावर दिवा लवकर दिसतो, पण सापाची काळजी घेऊन, गमबूट घालून जा. तोडणी जवळ आली असेल तर शेतमालकाला आणि टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवा, आणि पाचट पेटवण्याआधी कळवायला सांगा.

सापडला की सर्वांत आधी बॅटरी काढा. तिच्यावर चेप असेल तर ती चार्ज करू नका. पाचटापासून लांब, उघड्या मातीवर किंवा वाळूच्या बादलीत एक रात्र ठेवा.