वॉलपेपर नंतर, आधी भिंत बघा: घरसजावटीचे तुमचे प्रश्न

कमी खर्चात घर कसं सजवायचं आणि मुलांना घेऊन घरी काय काय बनवायचं, ह्यावर प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी बऱ्याच प्रश्नांचा सूर एकच, "ह्याच्यावर काय लावू म्हणजे दिसणार नाही?" डाग, भेग, ओल, जुना रंग, काहीही असो, लोकांना फक्त वर काय चिकटवायचं एवढंच हवंय. म्हणून ह्यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतेय, तोच प्रश्न परत पाठवायच्या आधी प्लीज एकदा वाचा.

प्रश्न: खोली लहान आहे, मोठी दिसायला कुठला रंग देऊ?

फिका रंग द्या आणि खिडकीसमोर आरसा लावा, बास. रंग ठरवण्याआधी भिंतीवर फूटभर चौकोनात लावून दिवसा आणि रात्री दिव्याखाली बघा, शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावरून ठरवू नका.

प्रश्न: मुलीच्या खोलीत मास्किंग टेप लावून त्रिकोणांचं डिझाइन केलं. टेप काढल्यावर कडा फाटक्या आल्या आणि काही ठिकाणी खालचा रंगही निघाला.

दोन वेगळ्या चुका आहेत. कडा फाटल्या कारण टेपच्या खालून रंग आत शिरला. टेप लावल्यावर कडेवरून आधी भिंतीचाच जुना रंग एक हात फिरवायचा, म्हणजे जे काय आत शिरायचंय ते त्याच रंगाचं शिरेल आणि फट बंद होईल, ते वाळलं की मग नवा रंग. आणि टेप शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच तिरका ओढत काढायचा, दुसऱ्या दिवशी सावकाश नाही. पूर्ण वाळला असेल तर कडेवरून कटर फिरवून मग काढा.

खालचा रंग निघाला म्हणजे तो नीट बसलेलाच नव्हता. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि रंग पक्का होणं वेगळं, त्याला दोन ते चार आठवडे जातात. एवढे दिवस थांबूनही निघत असेल तर खाली प्राइमर नसेल नाहीतर ओल असेल. पेंटरला बोलवून दाखवा.

प्रश्न: हॉलच्या एका भिंतीला तीन वर्षांपासून ओल आहे. दरवर्षी रंग देतो, दरवर्षी फुगून पडतो. दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ वॉलपेपर लावा नाहीतर पीव्हीसी पॅनेल, बजेटमध्ये बसतं. लावू का?

नाही.

आता जरा सविस्तर, कारण हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो, कोणी स्टिकर म्हणतं, कोणी मोठं पेंटिंग, कोणी म्हणतं समोर कपाट सरकवू का. तीन वर्षं ओल आहे, ह्या तीन वर्षांत तुम्ही तीनदा रंग दिला आणि एकदाही पाणी येतंय कुठून हे कोणाला विचारलं नाही! तीन वेळच्या रंगाचा खर्च जोडा, त्यात प्लंबर येऊन गेला असता.

वॉटरप्रूफ वॉलपेपर म्हणजे खोलीच्या बाजूने पाणी लागलं तर पुसता येणारा वॉलपेपर. तुमचं पाणी येतंय मागून. त्याला बाहेर पडून वाळायची जी काय थोडी जागा होती ती तुम्ही प्लास्टिकने बंद करणार, मग ते आतच राहणार, खळीवर बुरशी धरणार आणि तुम्हाला कळणार कधी, तर वास यायला लागल्यावर. पॅनेलचंही तेच, फक्त कळायला आणखी उशीर. आणि ओल थांबवणाऱ्या रंगाची जाहिरात करणाऱ्यांना एवढंच विचारा की डब्यावरच्या सूचना वाचल्यात का, बहुतेक डब्यांवर रंग लावताना भिंत कोरडी असावी असं लिहिलेलं असतं. भिंत कोरडी असती तर तो डबा घेतलाच कशाला असता!

आधी ओल कुठली आहे ते बघायचं. भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करा, त्यावर फूटभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते घरातल्या हवेतलं बाष्प आहे, म्हणजे स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या. हे मात्र खरंच स्वस्तात सुटतं, खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतच आहे. दोन्हीकडे जमलं तर दोन्ही.

भिंतीत असेल तर ती कधी वाढते त्यावर लक्ष ठेवा. फक्त पावसात वाढते का, मग बाहेरची भेग, पन्हळ, खिडकीची कड, गच्ची. बारा महिने सारखीच राहते किंवा डाग पसरत चाललाय का, मग पाइप. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तास कोणी पाणी वापरायचं नाही, आकडा सरकला तर कुठेतरी गळती आहे. जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंतच ओल आहे आणि त्याच्यावर भिंत ठणठणीत, असं असेल तर पाणी जमिनीतून वर चढत असू शकतं आणि ते काम ना पेंटरचं ना माझं, त्याला सिव्हिल इंजिनियरच लागतो. पांढरी पावडर दिसत असेल तर तो खार, पाणी येताना क्षार घेऊन येतं आणि वाळताना तिथेच टाकून जातं. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही, धुतला की विरघळून परत भिंतीत. खोलीच्या कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवा म्हणजे ओल ओढली जाते हा मेसेज मलाही आलाय, वाटीभर मीठ गळक्या पाइपला पुरं पडणार नाही.

आणि गळती दुरुस्त झाली की लगेच दुसऱ्या दिवशी रंग नाही. जुना ठोकताळा असा की भिंतीच्या दर इंच जाडीला वाळायला साधारण एक महिना, म्हणजे नऊ इंची भिंत असेल तर हिशोब तुम्हीच करा. हवा किती खेळती आहे त्यावर कमी-जास्त होतं पण आठवड्याभरात होत नाही. तोवर भिंत कुरूप दिसू दे, कोणी येणार म्हणून घाई करू नका.

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर वाचणं इथेच थांबवा, त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला वीज तोडणारा खटका, बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो येईपर्यंत बोर्डला हात लावायचा नाही. काळी-हिरवी बुरशी दिसत असेल आणि घरात कोणाला दमा किंवा सततचा खोकला असेल तर डॉक्टरांना ह्या भिंतीबद्दल सांगा. बुरशी ब्लीचने पुसणार असाल तर त्यात व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

प्रश्न: मोठा आरसा ड्रिल न करता डबल टेपने लावता येईल ना? पॅकवर दहा किलो लिहिलंय.

तो आकडा गुळगुळीत, स्वच्छ, पक्क्या पृष्ठभागाचा असतो. तुमच्या घरात टेप चिकटणार रंगाला, रंग चिकटलाय पुट्टीला आणि पुट्टी भिंतीला किती धरून आहे हे पॅकवर लिहिलेलं नसतं. आरसा पडतो तेव्हा टेप बहुतेक त्याच्या पाठीला तसाच असतो, वर रंगाचा पापुद्रा घेऊन.

मोठ्या आरशाला ड्रिल, फिशर (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि स्क्रूच, तेही दोन ठिकाणी. स्विचच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी साधारण तशाच गेलेल्या असतात, आणि भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर पाइप कुठून गेलाय ते आधी विचारा. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. पलंगाच्या डोक्याशी तर अजिबात लावू नका. भिंत विटांची आहे, पोकळ ब्लॉकची की जिप्समची हे माहीत नसेल तर सुताराला दाखवून मगच काय ते करा.

घरात लहान मूल असेल तर उंच बुकशेल्फसुद्धा वरून पट्टीने भिंतीला बांधून घ्या, मुलं खण म्हणजे शिडी समजतात.

प्रश्न: काचेच्या बाटलीला रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बांधून पेटवायचा आणि गार पाण्यात बुडवायची, बाटली सरळ कापली जाते असा व्हिडिओ बघितला. नऊ वर्षांच्या मुलाला सुट्टीत हा प्रोजेक्ट जमेल का?

आग, रॉकेल, फुटणारी काच आणि नऊ वर्षांचं मूल, प्रश्न परत एकदा स्वतःच मोठ्याने वाचा. काच अचानक तापली-गार झाली की तडकते हे बरोबर आहे, पण ती दोऱ्याच्या रेषेवरच तडकेल असं काही नाही. व्हिडिओत जी सरळ कापलेली बाटली दिसते ती कितव्या बाटलीनंतरची आहे हे कोण दाखवतंय. बाटली न कापता रंगवा, सुतळी गुंडाळा, तिच्यात एलईडीची माळ सोडा. माळ कुठली, त्यासाठी खालचा प्रश्न वाचा.

प्रश्न: बटन सेलवर चालणाऱ्या छोट्या माळा मुलांच्या क्राफ्टसाठी चालतील का? घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

बाळ आहे तर नको. बटन सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं, गोल मोठा लिथियमचा असेल तर जास्तच. संपलेला सेलसुद्धा, माळ पेटत नाही म्हणजे सेल निरुपद्रवी झाला असं नाही. वापरायचीच असेल तर ज्याचं झाकण स्क्रूने बंद होतं तीच घ्या आणि काढलेले सेल लगेच टेपमध्ये गुंडाळून उंचावर ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, बघू सकाळी म्हणू नका, सरळ हॉस्पिटल आणि एक्स-रे. वाटेत काय द्यायचं ते डॉक्टर फोनवर सांगतील तेवढंच.

प्रश्न: मालवाहतुकीचे लाकडी पॅलेट फुकट मिळतायत. मुलाचा पलंग बनवू का?

आधी शिक्का बघा. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला किमान अर्धा तास तापवलेलं, हे चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं, हे घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा कसले डाग असतील तर त्यावरून आधी काय वाहिलं गेलं हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि पलंग एचटी लाकडाचाही सुताराला विचारल्याशिवाय नको, वजन, खिळे, कुसळं, सगळंच आहे त्यात. बाल्कनीत कुंड्यांचं स्टँड करा, फुकटचं लाकूड तिथे शोभतं.

प्रश्न: हवा शुद्ध करणारी झाडं घरात किती ठेवावीत?

शोभेसाठी हवी तेवढी, हवेसाठी एकही नाही. हे सगळं १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून आलं, तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधला होता. २०१९ साली अशा प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला तर साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा. एअर प्युरिफायिंग असं लेबल लावून तेच रोप महाग विकतात, लेबल नसलेलं घ्या. घरात रांगणारं बाळ किंवा मांजर-कुत्रं असेल तर ते रोप विषारी नाही ना हे नर्सरीत विचारून घ्या.

प्रश्न: कागदाच्या लगद्याचे बाऊल मुलांनी केले, आठवड्यात वास यायला लागला.

आतून वाळले नाहीत. एकदम जाड थर दिला असणार, पातळ थर द्या, तो खडखडीत वाळल्यावर पुढचा. पिठाच्या खळीऐवजी पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल वापरलात तर किडे-बुरशीचा त्रास कमी. वास येणारे टाकून द्या, वरून रंग मारू नका.

प्रश्न: जुन्या चादरींचे पडदे शिवायचेत, माप कसं घ्यायचं?

खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड, नाहीतर चुण्या पडत नाहीत. रॉड खिडकीच्या वीतभर वर लावा, खिडकी उंच दिसते. नवं सुती कापड जोडणार असाल तर आधी धुऊन घ्या, आटतं.

प्रश्न: पणजोबांच्या वेळचं लाकडी कपाट आहे, जुना ऑइलपेंट घासून नवा द्यायचाय. मुलं पॉलिशपेपर घेऊन तयारच बसलीयत.

मुलांना उठवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, आणि कोरडं घासलं की तीच धूळ हवेत, हातावर, तोंडात. शिशाचं अमुक एक प्रमाण मुलांना सुरक्षित असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा म्हणत नाही.

रंग कुठेही सुटलेला नसेल, घट्ट धरून असेल तर घासूच नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, जुन्या ऑइलपेंटवर बसणारा प्राइमर द्या आणि वर नवा रंग. हो, मीच सांगतेय, इथे झाकणंच बरं. पोपडे निघत असतील तर आधी लॅबमध्ये तुकडा तपासून घ्या, शिसं निघालं तर काम ह्यातल्या माहितगार माणसाला द्या, घरी करू नका. घासून झालंच असेल तर झाडू मारू नका, ओल्या कपड्याने पुसून घ्या, आणि मुलांच्या डॉक्टरांना विचारा रक्ततपासणी हवी का. घरात कोणी गरोदर असेल तर काम संपेपर्यंत त्या खोलीत जाऊ देऊ नका.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वीचा अर्धा डबा रंग उरलाय, वापरू का?

उघडा. कुजका वास आला किंवा ढवळूनही गुठळ्या राहिल्या तर नाही. नीट एकजीव झाला तर जुन्या कापडातून गाळून आधी पुठ्ठ्यावर लावून बघा. भिंतीच्या मधोमध ठिगळ मारू नका, नवा-जुना फरक दिसतोच, कोपरा ते कोपरा पूर्ण भिंत द्या. टाकायचा असेल तर मोरीत ओतायचा नाही, कुठे द्यायचा ते तुमच्याकडच्या कचरा विभागाला विचारा.