परतीचा रस्ता आधी आखून घे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या बोर्डातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी चेंबरमध्ये, म्हणजे चाचणीच्या बंदिस्त खोलीत, मोजून तू पाठवलेला ग्राफ नीट पाहिला. १२५ आणि १७५ मेगाहर्ट्झच्या टोकांनी (पीक) मर्यादा ओलांडली आहे, बाकी सगळीकडे बरी मोकळी जागा आहे. तुझ्या बोर्डावर कंट्रोलरच्या पिनवरून इथरनेटच्या फाय चिपला (केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिप) २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक जातो. त्याचं हे पाचवं आणि सातवं हार्मॉनिक, म्हणजे पाचपट आणि सातपट फ्रिक्वेन्सी. एकटं १२५ दिसलं असतं तर मी १०० मेगाबिट इथरनेटच्या सिम्बॉल रेटवरही संशय घेतला असता, पण जोडीला १७५ आहे. क्लॉकच. तेव्हा उगम शोधत बसू नकोस. तो बाहेर कुठून पडतोय ते शोधायचं आहे.

आणि त्याचं उत्तर तूच दिलं आहेस. मेलच्या अगदी शेवटी, जाता जाता: ‘आरएस-४८५ ची केबल काढली की दोन्ही पीक जवळजवळ जातात.’ हे वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

बाहेरच्या यंत्रांशी डेटाची देवाणघेवाण करणारी ती केबल काढल्यावर पीक जात असेल तर ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, स्वतः फार रेडिएट करत नाही, केबल करते. आकडे बघ. क्लास बी उपकरणाला ३ मीटरवर, २३० मेगाहर्ट्झच्या खाली ४० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतकी मुभा असते, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. ५० मेगाहर्ट्झला बोर्डावरच्या १० चौरस सेंटिमीटरच्या लूपमधून तेवढं क्षेत्र निर्माण करायला साधारण साडेचार मिलिअँपिअर लागतात. तेच एक मीटर केबलला, तिच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारे फक्त ५ मायक्रोअँपिअर पुरतात. हजारपटीच्या आसपास फरक. म्हणून हा असा एकाच दिशेचा, कॉमन मोड करंट मला लूपपेक्षा जास्त छळतो, आणि म्हणूनच तुमचे साहेब म्हणतात तशी धातूची पेटी आणून उपयोग नाही. केबल पेटीतून बाहेर येणारच, आणि दाराशीच फिल्टर नसेल तर करंट तिच्यासोबत बाहेर येणार.

आता तो करंट केबलवर चढतो कसा? तुझ्या गर्बरमध्ये (बोर्डाच्या नकाशाच्या फाइली) ग्राउंड प्लेनला, म्हणजे ट्रेसखालच्या तांब्याच्या थराला, मधोमध चीर आहे, एका बाजूला ‘अ‍ॅनालॉग’, दुसऱ्या बाजूला ‘डिजिटल’. एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणारी चिप) जुन्या अ‍ॅप्लिकेशन नोटमध्ये अशी चित्रं असतात, मुलं ती पाहून प्लेन कापतात. पण क्लॉकचा ट्रेस त्या चिरेवरून पलीकडे गेला आहे. प्रत्येक सिग्नलचा करंट परत येतो, आणि काही मेगाहर्ट्झच्या वर तो सर्वांत कमी रोध असलेल्या वाटेने नाही तर सर्वांत कमी इंडक्टन्सच्या वाटेने येतो. ती वाट ट्रेसच्या बरोबर खाली असते. ट्रेस आणि प्लेनमधलं अंतर ०.२ मिलिमीटर असेल तर जवळपास ८० टक्के रिटर्न करंट ट्रेसच्या दोन्ही बाजूंच्या ०.६ मिलिमीटरच्या पट्ट्यात वाहतो. तुझ्या बोर्डात त्या पट्ट्यात तांबंच नाही. मग करंट चिरेच्या टोकाला वळसा घालून येतो. लूप मोठा होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे चिरेच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होतं. एका तुकड्यावर आरएस-४८५ चा कनेक्टर, दुसऱ्यावर पॉवरची केबल. त्या व्होल्टेजला दोन बाजूंना दोन तारा मिळाल्या. डायपोल अँटेना याहून वेगळा काय असतो?

चीर काढून टाक. प्लेन सलग ठेव, अ‍ॅनालॉग भाग एका कोपऱ्यात बसव आणि डिजिटल ट्रेस तिकडे जाऊ देऊ नकोस. मिक्स्ड सिग्नल बोर्डांना बहुतेक वेळा एवढंच पुरतं. मात्र २३० व्होल्टच्या बाजूला सुरक्षेसाठी सोडलेलं अंतर वेगळं. त्याला हात लावायचा नाही.

काही चिरा कोणी मुद्दाम पाडत नाही. कनेक्टरच्या पिनांची रांग असते, प्रत्येक भोकाभोवती प्लेनचं तांबं काढलेलं असतं, पिना जवळ असल्या की ती वर्तुळं एकमेकांना मिळतात आणि सरळ फट तयार होते. डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियम-तपासणी, याबद्दल अवाक्षर काढत नाही. लेयर बदलतानाही तेच होतं. ट्रेस वरच्या लेयरवरून खालच्यावर जातो आणि त्याच्याखालचा प्लेन ग्राउंडऐवजी पॉवर होतो. रिटर्न करंटला उडी मारायला जवळ कपॅसिटर हवा. दोन्ही प्लेन ग्राउंडचे असतील तर शेजारी एक ग्राउंड व्हाया (दोन लेयर जोडणारं तांब्याचं भोक) पुरते.

तू ९० अंशांचे कोपरे शोधून ते ४५ चे केलेस. तुझ्या फ्रिक्वेन्सींना त्याने मोजता येईल असा फरक पडत नाही. सिग्नलशेजारी आडोशाला घातलेला गार्ड ट्रेसही काढून टाक, दोन टोकांनाच ग्राउंडला जोडलेला लांब गार्ड ट्रेस कधीकधी नवीच डोकेदुखी होतो.

बोर्ड पुन्हा बनेपर्यंत काय करायचं, तर आधी फर्मवेअर उघड. क्लॉकच्या पिनचा स्पीड ‘व्हेरी हाय’ ठेवला असशील, सगळेच ठेवतात. एसटीएम३२ कंट्रोलरमध्ये ओस्पीडआर रजिस्टरमधून तो एक पायरी खाली आण आणि फाय चिपच्या डेटाशीटमधल्या राइज टाइमशी (सिग्नलची कड चढायला लागणारा वेळ) ताडून बघ. कड १ नॅनोसेकंदाची असेल तर हार्मॉनिकचा वेगाने उतार ३१८ मेगाहर्ट्झनंतर सुरू होतो, ३ नॅनोसेकंदाची झाली तर १०६ नंतरच. तुझे दोन्ही पीक त्याच्या पलीकडे आहेत. खर्च शून्य. मग त्याच पिनला अगदी चिकटून ३३ ओहमचा सीरीज रेझिस्टर. ट्रेसच्या दुसऱ्या टोकाला लावला तर तो शोभेपुरता. आरएस-४८५ च्या कनेक्टरपाशी कॉमन मोड चोक (तसा करंट अडवणारी गुंडाळी) मात्र पुढच्या बोर्डात राहू दे, चीर गेली तरी. पुण्या-मुंबईत लॅबची तारीख मिळवायला जी धावपळ होते, तिच्यापुढे त्याची किंमत काहीच नाही.

स्टॅकअपबद्दल (बोर्डात लेयर किती आणि कसे) विचारलं आहेस. खरेदी विभाग दोन लेयरवर अडून बसला असेल तर त्यांना हा हिशेब दे: १० सेंटिमीटरचा ट्रेस, प्लेन १.६ मिलिमीटर खाली, तर लूप १.६ चौरस सेंटिमीटर. चार लेयरमध्ये प्लेन ०.२ मिलिमीटर खाली आला की तोच लूप ०.२. तेवढ्याच करंटला १८ डेसिबल कमी. हा फायदा सगळ्याच ट्रेसना एकदम मिळतो, एकेका ट्रेसमागे धावावं लागत नाही.

चेंबरमध्ये परत जाण्याआधी टेबलावर मोज. केबलभोवती बसणारा करंट प्रोब आण. त्याचा ट्रान्सफर इम्पिडन्स १ ओहम असेल तर ५ मायक्रोअँपिअरला ५ मायक्रोव्होल्ट मिळतील, म्हणजे ५० ओहमच्या अ‍ॅनलायझरवर उणे ९३ डीबीएम. रिझोल्यूशन बँडविड्थ कमी ठेवलीस तर टायनीएसएसारख्या स्वस्त यंत्रावरही दिसेल. आधी आजच्या बोर्डाचं माप घेऊन ठेव, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

पुढच्या मेलला सगळे गर्बर जोडू नकोस. फक्त ग्राउंडचा लेयर पाठव, आणि त्यावर क्लॉकचा ट्रेस लाल रंगात आखून.

तुझा,
काका