कंटेनर उठतो आणि लगेच पडतो : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच : ‘डिलीट करून परत टाकला, तरी तेच.’ कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी, आणि अशा पेट्या चालवतो तो डॉकर. पडलेला कंटेनर ‘डॉकर आरएम’ने काढला की त्याचा लॉगही (कामाची नोंदवही) जातो आणि एक्झिट कोडही (कशाने पडला ते सांगणारा आकडा). मग मी इथे बसून काय सांगणार? आधी बघा, मग काढा.

आमच्या फाउंड्रीत स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर डॉकरवर चालतं. मशीन ४ जीबी रॅमचं. कंटेनर सुरू होतो, मिनिटभरात पडतो, परत सुरू होतो. लॉगमध्ये एकही एरर नाही. शोधायचं कुठे? — एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

लॉगमध्ये काहीच नाही, हाच तुमचा पुरावा. प्रोग्राम स्वतःच्या चुकीने पडला तर बहुतेक वेळा जाता जाता काहीतरी कुरकुरतो. तुमच्याला ती संधीच मिळालेली नाही, म्हणजे त्याला बहुधा बाहेरून कुणीतरी मारलंय.

नुसतं ‘डॉकर पीएस’ चालू असलेलेच कंटेनर दाखवतं, पडलेलेही बघायचे तर ‘डॉकर पीएस -ए’ द्या. स्टेटसच्या रकान्यात कंसात आकडा दिसेल. तुमच्याकडे तो १३७ असणार, असा माझा अंदाज आहे. १२८ पेक्षा मोठा आकडा दिसला की त्यातून १२८ वजा करायचे, उरतो तो सिग्नलचा नंबर. इथे ९ उरतात, म्हणजे सिगकिल, जबरदस्तीने बंद करण्याचा हुकूम. १३९ असता तर ११ उरले असते, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला), आणि मग सॉफ्टवेअरवाल्याला गाठावं लागलं असतं.

पुढची पायरी ‘डॉकर इन्स्पेक्ट’. त्यात ‘ओओएमकिल्ड’ शोधा. ‘ट्रू’ असेल तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, गळा धरला. ‘फॉल्स’ दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ आहे का बघा. तीही नसेल तर कुणी ‘डॉकर स्टॉप’ दिलं होतं का ते विचारा. स्टॉप दिल्यावर डॉकर आधी सभ्यपणे थांबायला सांगतो, १० सेकंद वाट बघतो आणि तरी प्रोग्राम हलला नाही तर किल करतो. त्याचाही कोड १३७च.

सॉफ्टवेअर जावावर असेल तर सेटिंगमध्ये ‘एक्सएमएक्स’, म्हणजे हीपची (जावाच्या मेमरीची) कमाल मर्यादा, किती दिलंय ते तपासा. जुन्या मोठ्या सर्व्हरची फाइल तशीच उचलून ४ जीबीच्या मशीनवर ३ जीबीचा हीप लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय. शेजारी डेटाबेसही चालत असेल तर कसं पुरणार? स्वॅप (रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) वाढवून दिवस ढकलता येतात, पण दुखणं बरं होत नाही.

आणि तपासणी होईपर्यंत ‘रिस्टार्ट : ऑलवेज’, म्हणजे पडला की आपोआप उठवण्याचं सेटिंग, बंद ठेवा. ‘डॉकर अपडेट --रिस्टार्ट=नो’ आणि पुढे कंटेनरचं नाव, एवढं पुरतं. नाहीतर डॉकर आधी १०० मिलिसेकंदांनी उठवतो, मग दर वेळी दुप्पट थांबत थांबत १ मिनिटापर्यंत जातो. मध्ये कंटेनर १० सेकंद टिकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या उठाबशीत नेमका कधी काय बिघडलं ते कळत नाही.

तंबाखूच्या वखारीचं बिलिंग आहे. स्टार्टची स्क्रिप्ट इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) आहे, मी डोळ्यांनी बघितली. तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं. — निपाणी

स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली ना? विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर ठेवतं. पहिल्या ओळीत ‘/बिन/एसएच’ लिहिलंय असं तुम्हाला दिसतं, पण कर्नल ते अक्षर शेपटाला लागलेला ‘एसएच’ शोधतो. तो कुठेच नसतो. फाइल सापडत नाही ती तुमची स्क्रिप्ट नव्हे, ती चालवणारा शेल. ‘कॅट -ए’ने (ए मोठ्या लिपीतला) फाइल उघडा, प्रत्येक ओळीच्या टोकाला टोपी घातलेला ‘एम’ दिसला की चोर सापडला. ‘डॉस२युनिक्स’ चालवून इमेज पुन्हा बिल्ड करा.

‘एम’ दिसलाच नाही तर पहिल्या ओळीत ‘बॅश’ हा दुसरा शेल मागितलाय का ते बघा. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये बॅश नसतो.

पावसात आमच्याकडे लाईट सारखी जाते. लाईट आली की डेटाबेस उठतो, पण पतसंस्थेचं ॲप पडलेलंच राहतं. हाताने ‘कंपोज अप’ केलं की व्यवस्थित चालतं. कंपोजमध्ये ‘डिपेंड्स ऑन’ लिहिलेलं आहे, सर. — खानापूर

दुखणं तुम्हीच अर्धं ओळखलंय. ‘डिपेंड्स ऑन’, म्हणजे आधी कोण आणि मग कोण हा क्रम, पाळतो तो कंपोज, अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन. मशीन बूट होताना कंपोज चित्रात नसतोच, डॉकरची सेवा आपापल्या रिस्टार्ट पॉलिसीप्रमाणे कंटेनर उठवते. ॲप आधी उठलं, डेटाबेस अजून तयार नाही, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून ॲप पडलं. त्यातून लाईट अचानक गेलेली, म्हणजे डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर तो आधी रिकव्हरी करणार. लॉगमध्ये ‘ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस’ दिसलं तर घाबरू नका, हात लावू नका, त्याला वेळ द्या.

ॲपला ‘अनलेस-स्टॉप्ड’ ही रिस्टार्ट पॉलिसी लावा, म्हणजे पडलं तरी डेटाबेस तयार होईपर्यंत उठत राहील. त्याहून चांगलं म्हणजे ॲपनेच थांबून थांबून पुन्हा जोडणी करावी, ते बनवणाऱ्याकडून करून घ्या. हाताने ‘अप’ करताना क्रम हवा असेल तर डेटाबेसला हेल्थचेक (तो तयार आहे का ते बघणारी तपासणी) द्या आणि ‘डिपेंड्स ऑन’मध्ये ‘सर्व्हिस हेल्दी’ची अट घाला. नुसतं ‘डिपेंड्स ऑन’ कंटेनर सुरू होण्याची वाट बघतं, डेटाबेस तयार होण्याची नाही.

एक विनंती : वैतागून ‘कंपोज डाउन -व्ही’ करू नका. त्या ‘-व्ही’ने कंपोजमधले नेम्ड व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायच्या जागा, पुसले जातात. सभासदांच्या ठेवींच्या नोंदी तिथेच असतील.

डेटाच्या फोल्डरला ‘परमिशन डिनाइड’. जुन्या उबुंटूवर ७७७ दिलं की भागायचं, नव्या अल्मालिनक्सवर ७७७ देऊनही तेच. — चिकोडी

अल्मालिनक्सवर एसईलिनक्स हा फाइलींच्या लेबलांवर चालणारा जादा पहारा चालू असतो आणि तो ७७७ला (सगळ्यांना सगळी परवानगी) भीक घालत नाही. व्हॉल्यूमच्या ओळीच्या शेवटी ‘:झेड’ लावा. मोठा झेड म्हणजे फोल्डर त्या एकाच कंटेनरचं, छोटा म्हणजे अनेकांत वाटलेलं. फक्त आख्ख्या ‘/होम’ला तो लावू नका, होस्टचीच लेबलं बदलतील.

७७७ची सवय मात्र सोडाच. ‘एलएस -एन’ केलं की मालकाचा नंबर दिसतो. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या डेबियन इमेजमध्ये तो ९९९ आहे, अल्पाइनमध्ये ७०. इमेज बदलली आणि नंबर जुळला नाही की हीच एरर. ‘चोन’ने मालक बदला, दार सताड उघडं टाकू नका.

प्रोजेक्टची इमेज मित्राच्या एम-चिपच्या मॅकवर बनवली. कॉलेजच्या इंटेल सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. उद्या डेमो आहे. — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव

मॅकचा प्रोसेसर एआरएम जातीचा, सर्व्हरचा एएमडी६४ जातीचा (इंटेललाही हेच नाव चालतं). बिल्ड करताना ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ द्या. मॅकवर हा बिल्ड फार रेंगाळतो, म्हणून सोर्स सर्व्हरवर नेऊन तिथेच बिल्ड केलेलं बरं. रात्रीच करून घ्या.