निकलॉस, वुड्स आणि ‘तगडे प्रतिस्पर्धी’ हा जुना वाद

गोल्फमधला प्रश्न थोडक्यात असा आहे (मेजर म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा: मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप): जॅक निकलॉससमोर गॅरी प्लेयर (९ मेजर), टॉम वॉटसन (८), अर्नोल्ड पामर (७) आणि ली ट्रेव्हिनो (६) असे खेळाडू होते. टायगर वुड्ससमोर सगळ्यांत मोठं नाव फिल मिकलसनचं, त्याच्या ६ मेजर. त्यानंतर एर्नी एल्स ४, विजय सिंग ३, पॅड्रिग हॅरिंग्टन ३. मग निकलॉसच्या १८ मेजर वुड्सच्या १५ मेजरपेक्षा कडव्या चुरशीत आल्या, असं म्हणता येईल का? आणि आज स्कॉटी शेफलर जिंकतोय ते या मापात कुठे बसतं?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते मी विचारपूर्वक देतोय. बरीच वर्षं मी स्वतः हीच आकडेवारी पुढे करून निकलॉसच्या बाजूने वाद घालत होतो. मत बदललं ते एका साध्या कामामुळे. दोघे ज्या ज्या मेजरमध्ये दुसरे आले, त्या कोणी जिंकल्या याची यादी करायला बसलो. त्या यादीकडे येतोच, पण आधी मूळ हिशेबातली चूक बघू.

वर्षाला मेजर चारच. दहा वर्षांत चाळीस. समोर पाच-सहाच जण खरोखर जिंकण्याच्या लायकीचे असतील, तर त्या चाळीस मेजर त्या पाच-सहा जणांतच वाटल्या जातात आणि प्रत्येकाच्या नावावर घसघशीत आकडा दिसतो. तशा लायकीचे साठ जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एखाद-दुसरीच येते. म्हणजे मैदानात उतरलेले खेळाडू एकूण जितके तगडे, तितके त्यातल्या एकेकाच्या नावावरचे आकडे किरकोळ दिसतात. प्रतिस्पर्ध्यांच्या मेजर मोजून चुरस मोजायला गेलं की माप उलटं पडतं ते यामुळे.

गोल्फमध्ये हे जास्तच लागू होतं, कारण एकाच खेळाडूची कामगिरी दिवसागणिक खूप हलते. अव्वल व्यावसायिकाची एक फेरी त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून सहज तीन फटके इकडेतिकडे होते. चार फेऱ्यांचा एकत्रित चढउतार पाच-सहा फटक्यांचा धरा. आणि जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या, सर्वसाधारण खेळाडूपेक्षा फेरीमागे दोन-अडीच फटक्यांनी चांगला असतो, म्हणजे चार फेऱ्यांत आठ-दहा. एखाद्या मधल्या फळीतल्या खेळाडूचा आठवडा अफाट चांगला गेला आणि पहिल्या क्रमांकाचा जरासा वाईट, की अंतर संपलं. अशी मधली फळी वीस जणांची आहे की शंभर जणांची, यावर सगळं ठरतं. अव्वल खेळाडू तोच असला तरी शंभर जणांच्या फळीसमोर तो कमी वेळा जिंकेल.

अर्थात हाच तर्क उलटा लावून ‘प्रतिस्पर्ध्यांच्या मेजर कमी, म्हणून चुरस जास्त’ असंही म्हणता येणार नाही. वुड्सचे प्रतिस्पर्धी खरंच दुबळे असते तरीही त्यांच्या मेजर कमीच असत्या, कारण त्या वुड्सने नेल्या असत्या. त्यामुळे आकड्यांच्या बाहेरचा पुरावा लागतो. माझ्या मते त्यातला सगळ्यांत भक्कम म्हणजे कोण खेळत होतं आणि कोण खेळतच नव्हतं.

१९५०च्या दशकातली ब्रिटिश ओपन घ्या. बॉबी लॉकने ती १९४९, ५०, ५२ आणि ५७ मध्ये जिंकली. पीटर थॉमसनने १९५४, ५५, ५६, ५८ मध्ये. दोघेही थोर खेळाडू. पण त्या वर्षांत अमेरिकेतले बहुतेक अव्वल व्यावसायिक तिकडे फिरकतच नव्हते. प्रवास लांबचा, बक्षीस तुटपुंजं आणि गतविजेत्यालाही ३६ होलची पात्रता फेरी खेळावी लागे. बेन होगन आयुष्यात एकदाच गेला, १९५३ मध्ये कार्नुस्टीला, आणि जिंकला. बक्षीस होतं ५०० पौंड. त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिपच्या तारखा ब्रिटिश ओपनला भिडत होत्या, म्हणजे चारही मेजर एका वर्षात खेळणंच अशक्य होतं. चित्र बदललं ते १९६० मध्ये पामर सेंट अँड्र्यूजला गेल्यावर. केल नेगलच्या मागे तो दुसरा आला, पुढची दोन वर्षं जिंकला, आणि मग इतर अमेरिकन येऊ लागले. थॉमसनबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याच्यावर नेहमी अन्याय होतो: १९६५ मध्ये बर्कडेलला त्याने पाचवी ओपन जिंकली तेव्हा पामर, निकलॉस आणि गतविजेता टोनी लेमा तिघेही मैदानात होते.

दुसरी गैरहजेरी जास्त बोचणारी आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या, म्हणजे पीजीएच्या घटनेत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी अट होती; ती नोव्हेंबर १९६१ मध्ये निघाली. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूची उमेदीची वर्षं त्या अटीत गेली. ती निघाल्यावर, वयाची चाळिशी उलटून गेलेली असताना, त्याने १९६७ मध्ये हार्टफर्ड आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिस ओपन जिंकली. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो थेट १९७५ मध्ये. होगन, स्नीड, नेल्सन या त्या काळच्या गोऱ्या विजेत्यांच्या विजयांची किंमत यामुळे शून्य होत नाही. पण ज्यांना दारातच अडवलं होतं ते आत आले असते तर यादी कशी दिसली असती, हे कोणत्याही आकड्यातून कळत नाही. ‘त्या काळची चुरस’ म्हणताना हे विसरणं मला पटत नाही.

निकलॉसच्या काळात ही दारं किलकिली झाली होती, पण जग पुरतं आत आलेलं नव्हतं. रायडर कप ही अमेरिकेविरुद्धची सांघिक स्पर्धा बघा. १९७७ पर्यंत अमेरिकेसमोर फक्त ब्रिटन आणि आयर्लंड होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या साऱ्या वर्षांत अमेरिका हरली ती एकदाच, १९५७ मध्ये; १९६९ ची बरोबरीत सुटली. १९७९ पासून संपूर्ण युरोपचा संघ आला, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत स्वतः निकलॉस होता. युरोपने १९८५ मध्ये कप जिंकला. १९८७ मध्ये अमेरिका प्रथमच स्वतःच्या भूमीवर हरली, तीही निकलॉसने घडवलेल्या म्युरफील्ड व्हिलेजवर आणि तो कर्णधार असताना. १९८६ मध्ये पहिली जागतिक क्रमवारी निघाली तेव्हा वरचे तिघे होते बर्नहार्ड लँगर, सेव्ह बॅलेस्टेरोस आणि सँडी लाईल. तिघेही युरोपचे. आता निकलॉसच्या मेजरच्या तारखा आठवा: १८ पैकी १७ मेजर १९६२ ते १९८० या काळातल्या आहेत.

आता ती यादी. निकलॉस मेजरमध्ये १९ वेळा दुसरा आला, आणि हा त्याचा विक्रम मला त्याच्या १८ विजयांइतकाच थक्क करतो. त्या १९ मेजर कोणी जिंकल्या? चार ट्रेव्हिनोने, चार वॉटसनने, दोन पामरने. म्हणजे निम्म्याहून जास्त तिघांनी. १९ पैकी १६ वेळा विजेता अमेरिकन होता. उरलेले तीन म्हणजे रॉबर्टो दे विचेंझो, गॅरी प्लेयर आणि बॅलेस्टेरोस, आणि तिन्ही वेळा स्पर्धा ब्रिटिश ओपनच होती. अमेरिकेत झालेल्या एकाही मेजरमध्ये निकलॉसला दुसऱ्या क्रमांकावर ढकलणारा परदेशी खेळाडू निघाला नाही.

वुड्स सात वेळा दुसरा आला. विजेते असे: २००२ रिच बीम, २००५ मायकल कॅम्पबेल, २००७ झॅक जॉन्सन आणि अँजेल कॅब्रेरा, २००८ ट्रेव्हर इमेलमन, २००९ वाय. ई. यांग, २०१८ ब्रुक्स केप्का. सात वेळा सात वेगळी माणसं, पाच देशांची: अमेरिका, न्यूझीलंड, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया. आणि यातल्या परदेशी विजेत्यांच्या स्पर्धा अमेरिकेबाहेर होत्या असंही नाही. सातही अमेरिकेत झाल्या. लोक ही नावं वाचून म्हणतात, ‘बघा, वुड्स बीम आणि यांगसारख्यांकडून हरला, म्हणजे चुरस काय असणार!’ मला नेमकं उलटं दिसतं. फारशी चर्चा नसलेला खेळाडू शेवटच्या दिवशी वुड्सला मागे टाकू शकतो, इतकी ती मधली फळी दाट झाली होती.

निकलॉसच्या बाजूने सांगण्यासारखंही खूप आहे, आणि ते मी मनापासून सांगतो. चुरशीची खोली वेगळी आणि उंची वेगळी. १९७७ ची टर्नबेरीची ब्रिटिश ओपन आठवा: वॉटसन २६८ फटके, निकलॉस २६९, आणि तिसरा ह्युबर्ट ग्रीन २७९. शिखरावर दोघे, त्यांच्या खाली दहा फटक्यांची दरी. हा आकडा मी एके काळी ‘खोली नव्हती’ याचा पुरावा म्हणून द्यायचो. मग २०१६ मध्ये ट्रूनला स्टेन्सनने २६४ केले, मिकलसनने २६७, आणि तिसरा खेळाडू मिकलसनच्याही ११ फटके मागे राहिला. तेव्हापासून एका स्पर्धेवरून काळाबद्दल निष्कर्ष काढणं मी सोडून दिलं. पण निकलॉसला ज्या उंचीच्या ट्रेव्हिनोला आणि वॉटसनला तोंड द्यावं लागलं, ती उंची कोणत्याही काळात कमी ठरली नसती.

विजयाचं अंतरही तसंच फसवं असतं. १८६२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ओल्ड टॉम मॉरिस १३ फटक्यांनी जिंकला. मेजरमधला तो विक्रम मोडायला २००० साल उजाडलं. त्या वर्षी पेबल बीचवर वुड्स १५ फटक्यांनी जिंकला. आकडे शेजारी ठेवले की सारखेच वाटतात. पण १८६२ मध्ये मूठभर खेळाडू होते, आणि २००० च्या यूएस ओपनमध्ये १५६, तेही हजारोंच्या अर्जांतून गाळून आलेले. त्या १५६ मध्ये पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, खाली एकटा वुड्स होता. दुसऱ्या क्रमांकावरचे एल्स आणि हिमेनेझ पारपेक्षा तीन जास्त. गोल्फमध्ये माझ्या पाहण्यात याहून मोठी कामगिरी नाही.

सलग ‘कट’ पार करण्याच्या (दोन फेऱ्यांनंतर पुढे खेळायला मिळणाऱ्यांत येण्याच्या) विक्रमांत नियमच बदललेले आहेत. वुड्सचे १४२, बायरन नेल्सनचे ११३. पण नेल्सनच्या काळात त्याचा अर्थ बक्षिसाची रक्कम मिळणाऱ्यांत येणं असा होता, आणि रक्कम बऱ्याचदा पहिल्या वीसेक जणांनाच मिळे. आजचा कट त्यामानाने सैल आहे. तरी नेल्सनसमोरचे वीस आणि वुड्ससमोरचे सत्तर यांत कोण अवघड, हा प्रश्न उरतोच. नुसते स्कोअर ताडून पाहणं तर सोडूनच द्या. पीजीए टूरवर ड्राइव्हची सरासरी १९८० मध्ये सुमारे २५७ यार्ड होती, आज ती ३०० च्या घरात आहे. चेंडू, क्लब, हिरवळीचा वेग, मैदानांची लांबी, सगळंच वेगळं.

मार्क ब्रोडी यांच्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धतीवर पुष्कळांचा भरवसा आहे, माझाही आहे, पण एकाच काळापुरता. ती पद्धत खेळाडूला त्याच आठवड्यात त्याच मैदानावर खेळणाऱ्या इतरांच्या सरासरीशी ताडते. सरासरीच वर चढली की तेवढाच चांगला खेळाडू कमी चांगला दिसू लागतो. दोन काळांतला फरक मोजायला नेमकी जी गोष्ट हवी, तीच तिने स्थिर धरलेली असते.

त्यातल्या त्यात उपयोगी पडतात ते दोन पिढ्यांत खेळलेले खेळाडू. सॅम स्नीड ६२ व्या वर्षी १९७४ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त तिसरा आला. वर ट्रेव्हिनो आणि निकलॉस. निकलॉस ५८ व्या वर्षी १९९८ च्या मास्टर्समध्ये संयुक्त सहावा आला आणि वुड्स त्याच्या मागे, संयुक्त आठवा. वॉटसन २००९ मध्ये ५९ व्या वर्षी टर्नबेरीला प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा खेळापर्यंत, पोचला. यावरून जुने खेळाडू कमी प्रतीचे नव्हते एवढं पक्कं कळतं. पण ओळखीचं मैदान आणि एक चांगला आठवडा यापलीकडे त्यातून मधल्या फळीबद्दल काहीच कळत नाही.

ती फळी दाट होताना स्वच्छ पाहायची असेल तर महिलांचं गोल्फ बघा. या वादात ते नेहमी बाजूला राहतं. एलपीजीए ही महिला व्यावसायिकांची संघटना १९५० मध्ये १३ जणींनी स्थापन केली. मिकी राइटने १९६३ या एका वर्षात १३ स्पर्धा जिंकल्या. १९९८ मध्ये वीस वर्षांच्या से री पाकने पहिल्याच मोसमात दोन मेजर जिंकल्या, आणि ते पाहून दक्षिण कोरियात मुलींची एक पिढीच्या पिढी क्लब घेऊन उभी राहिली. त्यांतल्या इनबी पार्कने पुढे ७ मेजर जिंकल्या. ॲनिका सोरेन्स्टमचे ७२ विजय राइटच्या ८२ पेक्षा कमी आहेत, पण ते या बदलाच्या ऐन मध्यात मिळवलेले आहेत. दोघींत मी सोरेन्स्टमला वर ठेवतो.

पुरुषांतही माझा कल तसाच आहे: वुड्सच्या १५ मेजर निकलॉसच्या १८ पेक्षा अवघड होत्या. कारकिर्दीचं सातत्य मोजायचं तर निकलॉस, आणि त्यात मला काही अडचण वाटत नाही.

शेफलरबद्दल विचारलंय म्हणून: नंतरचा काळ म्हणजे चुरस जास्त, असं सरसकट धरू नका. जून २०२२ मध्ये लिव्ह गोल्फ ही पीजीए टूरची प्रतिस्पर्धी मालिका सुरू झाल्यापासून अव्वल खेळाडू दोन तंबूंत वाटले गेले. २०२४ मध्ये शेफलर पीजीए टूरवर एकामागून एक स्पर्धा जिंकत होता, तेव्हा लिव्हमध्ये गेलेले जॉन रॅम आणि ब्रायसन डिशॅम्बो त्या स्पर्धांत नव्हतेच. चार मेजरमध्ये मात्र सगळे एकत्र येतात. त्यामुळे शेफलरच्या २०२४ च्या मास्टर्सला आणि २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिप व ब्रिटिश ओपनला मी पूर्ण गुण देतो. दर आठवड्याच्या विजयांचा विचार करताना आधी त्या आठवड्याची खेळाडूंची यादी उघडून बघतो.