बॉनेट उघडा : जुन्या मारुती ८००ची दुखणी

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या महिन्यात निवडलेली पाचही पत्रं नाशिक जिल्ह्यातली आणि पाचही याच गाडीबद्दलची आहेत. आधी पत्र, त्याखाली उत्तर. एक विनंती : पत्रात गाडी कार्बोरेटरची (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारी) की एमपीएफआयची (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), हे जरूर लिहीत चला. इंजिन दोन्हींत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचंच. पण पेट्रोल आत जायची तऱ्हा निराळी, त्यामुळे काही दुखणीही निराळी.

कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लालपर्यंत जातो. सपाट रस्त्यावर काही त्रास नाही. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, तरी फरक पडला नाही. आता तो इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) उतरवायचं म्हणतोय. (इंदिरानगर, नाशिक)

हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. गाडी कुठे तापते यावरून निम्मं निदान होतं. हायवेवर वेगात तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असतो किंवा वॉटर पंप कमजोर झालेला असतो. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा चढत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. तुमची गाडी घाटात तापते. म्हणजे इंजिनवर पूर्ण ओझं, वेग कमी आणि समोरून वारा नाही. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर असते.

म्हणून आधी पंखा. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत थांबा. पंखा सुरू झाला नाही तर इंजिन बंद करा, पंख्याच्या मोटारचा जोड सोडवा आणि मोटारला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. बोटं पात्यांपासून लांब. मोटार फिरली तर ती ठीक आहे. मग फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा सुरू करणारा) या क्रमाने बघत जा. मोटार रडतखडत फिरली तर तिचे कार्बन ब्रश झिजलेत. पंखा फिरतोय म्हणजे ठीक आहे, असं समजू नका. अर्ध्या वेगाने फिरणारा पंखा शहरात निभावून नेतो आणि घाटात दगा देतो.

पंखा चोख निघाला तर रेडिएटर. एसी असेल तर कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे धूळ, किडे आणि गवताची नमद्यासारखी गादी बसलेली सापडते. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पाती वाकतात. आतून चोंदण्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो. इंजिन चालवून पूर्ण गरम झाल्यावर बंद करा आणि हात जाळीच्या जवळ धरून सगळीकडे फिरवा. एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

रेडिएटरचं झाकणही तपासा. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, तो दाब हे झाकण धरून ठेवतं. रबर कडक झालेलं असेल तर त्यावर छापलेल्या दाबाचंच नवं झाकण घ्या. आणि थर्मोस्टॅट परत बसवून घ्या! तो काढला की इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दोष तसाच राहतो. जुना थर्मोस्टॅट टाकून दिला नसेल तर पातेल्यात पाण्यात टांगून गरम करा. पाणी उकळायच्या बरंच आधी त्याची झडप उघडायला लागली पाहिजे.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर असेल तर त्याची कळ गरमवर ठेवा, इंजिन थंड असतानाच झाकण काढून ते आयडलवर चालवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. बुडबुडे थांबतच नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा चिकट थर दिसला, तर मात्र गॅरेजवाल्याचं खरं : हेड गॅसकेट (हेडखालची सील) गेलंय. तेव्हा नुसतं गॅसकेट बदलू नका, हेड सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघायला सांगा.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर गरमवर, ब्लोअर पूर्ण. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. गरम असताना झाकण उघडायचं नाही, अर्धा तास तरी नाही.

१९९७ ची गाडी, कार्बोरेटरची. थंडीत सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. दुपारी एका झटक्यात सुरू होते. (निफाड)

निफाडचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, तेव्हा थंडीतल्या दोषांसाठी तुमच्याइतकी चांगली प्रयोगशाळा जिल्ह्यात नाही. एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कोणाला तरी चोकची मूठ पूर्ण ओढायला सांगा. कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी पूर्ण मिटली पाहिजे. करंगळीएवढी जरी फट राहिली तरी थंड इंजिनला हवं तेवढं दाट मिश्रण मिळत नाही. बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते. क्लॅम्पचा स्क्रू सैल करून केबल ताणून घ्या. मूठ आत ढकलल्यावर पाकळी पूर्ण उघडते ना, हेही बघा. ती अर्धवट मिटलेली राहिली तर मायलेजची वाट लागते.

चोक ठीक असेल तर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळाले नाहीत तर आल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. बॅटरी नवी घ्यायच्या आधी आणखी एक : मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिनला जोडणारी) गंजली आहे. ती घासून घट्ट केली की बऱ्याच ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात.

ऑइल कोणतं आहे? २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल तुमच्याकडच्या पहाटे सेल्फला जड जातं.

जोराच्या पावसात गाडी मिसिंग करते, कधी बंदच पडते. ऊन पडलं की ठणठणीत. (इगतपुरी)

डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढा आणि आतली बाजू उजेडात धरून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खांबाकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसली, तर ओल धरल्यावर ठिणगी त्या रेघेवरून पळते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. ती रेघ पॉलिश पेपरने घासून जात नाही. कॅप बदला, सोबत आत फिरणारा रोटरही. कॅप स्वच्छ असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवा आणि प्लगच्या वायरींवर स्प्रेने पाण्याचे बारीक तुषार मारा. निळ्या ठिणग्या जिथे नाचतील ती वायर गेली. हात लांब ठेवा, झटका जबर असतो. तीन वायरी असतात, एकीपायी तिन्ही बदला. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक गप्प बसला की तिसरा हिस्सा ताकद जाते, म्हणून ८०० एवढी थरथरते.

सप्तशृंग गडावरून नांदुरी घाट उतरताना ब्रेकचं पेडल खाली खाली गेलं. खाली थांबून तासाभराने परत नीट. पॅड नवे आहेत. (पंचवटी)

ही गाडी दुरुस्तीपर्यंत घाटात नेऊ नका. गार झाल्यावर ब्रेक परत आले, याचा अर्थ ब्रेक फ्लुइड उकळलं असावं. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (फ्लुइडची एक प्रत) कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर तेच १४० वर येऊ शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं असतं, नुसती टॉप-अप करून भागत नाही.

अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली पुरते. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाब तयार करणाऱ्या भागापासून) सर्वांत लांब, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाजवळच्या निपलला (फ्लुइड बाहेर काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा आणि चहासारखं तपकिरी फ्लुइड जाऊन स्वच्छ येईपर्यंत काढा. फ्लुइडची टाकी मध्येच रिकामी झाली तर हवा शिरते आणि सगळं पुन्हा. ते काम चाललंच आहे तर मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. फ्लुइड लागलेले ब्रेक शू धुऊन परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे नवे टाका.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे अजून दिसतात. ब्रेक बूस्टर (इंजिनच्या ओढीवर पेडलला जोर देणारा) असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं.

यू-टर्न घेताना पुढून कटकट आवाज येतो. (सातपूर)

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ॲक्सलवरचा चाकाजवळचा वळता सांधा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला. चाकाच्या मागे ॲक्सलचा रबरी बूट फाटलेला आणि रिमच्या आतल्या बाजूवर काळ्या ग्रीसचा शिंतोडा दिसला की त्याच बाजूचा जॉइंट. आवाज यायच्या आधी फाटलेला बूट सापडला असता तर साफ करून ग्रीस भरून, नव्या बुटावर भागलं असतं. आवाज सुरू झाला म्हणजे आत खाच पडली, आता जॉइंटच बदलावा लागेल. ग्रीस मात्र मॉलिब्डेनमवालं, साधं पिवळं चाकाच्या बेअरिंगचं नको. दुसऱ्या बाजूचा बूट त्याच वेळी वाकून बघून घ्या.